खर्ज

तू विचारतोस, तो आवाज आणला कसा.
हेडफोन गळ्यात तसाच ठेवून बसलास समोर,
रॉटरडॅमहून सेकोंडीपर्यंत आलास
एका गुणगुणीसाठी.
आधी खाऊन घे. केंके आहे, तळलेला मासा आहे.

मी काही शिकून या धंद्यात आलो नाही.
जहाजांचे रेडिओ दुरुस्त करायचो बंदरावर.
अबाका-क्वान्सासाहेबांनी यंत्र आणलं, चार ट्रॅकचं,
दोन चालायचे, तिसरा त्याच्या मर्जीने.
म्हणाले, कोबिना, उघडता येईल तुला हे?
म्हटलं, येईल.
परत मिटता येईल का, ते त्यांनी विचारलं नाही.

दोन वर्षं नुसत्या वायरी गुंडाळल्या.
मग ब्लेडने टेप कापायला शिकलो,
तिरकी, श्वासाच्या अलीकडे.
हरमॅटन सुटला की वाळवंट यायचं खोलीत,
हेडवर धूळ. दर गाण्यानंतर कापूस आणि स्पिरिट.
स्पिरिट मिळेना तेव्हा गावठी दारू:
अर्धं बोंडलं हेडला,
उरलेली बाटली ट्रम्पेटवाल्या जोजोला.

आणि भिंतीपलीकडे बर्फाचा कारखाना.
होड्या पहाटे सुटायच्या,
म्हणून कॉम्प्रेसर रात्रभर.
गाद्या लावल्या, अंड्यांचे ट्रे ठोकले, तक्रार केली.
मॅनेजर भला माणूस,
त्याने बर्फाची लादी पाठवली.

शेवटी एग्या डोंटो,
गिटार काखेत, कान भिंतीला,
खुंटी पिळत राहिला बराच वेळ.
सूर सापडला तो असा:
पांढरी पाचच्या वर, काळी चारच्या खाली,
पियानोत ज्याला घर नाही.
म्हणाला, बाहेर जात नाही ना तो?
मग बसू दे आपल्यात.
तेव्हापासूनची आमची सगळी गाणी
त्या एका सुरात. लोक म्हणाले, काय शैली!

संचारबंदीत तर दार लावलं की सकाळीच उघडायचं.
आत अडकलेल्यांनी करायचं काय, वाजवायचं.
अराबाचं ते गाणं रात्री तीनचं.
तिची पोर थंडीने कुरकुरत होती,
तर ड्रमच्या पोटातलं घोंगडं काढून
तिला गुंडाळलं.
म्हणून त्यात ड्रम इतका मोकळा बोलतो.
तेही विचारणारच होतास ना?

कव्हरवर नाव साहेबांचं.
माझं एकदाच आलं, तेही चुकून कोफी.
असो. मासा गार होतोय.

मग ते वाईट साल. डिझेल नाही, होड्या वाळूवर,
बर्फ कोणाला हवा?
गाण्याच्या ऐन मध्यात कॉम्प्रेसर थांबला.
काय सांगू,
कोणी हात उचलला नव्हता, तरी सगळे थांबले.
अराबा डोळे मिटून उभी.
टेप फिरत होती, मी फिरू दिली.
अकरा सेकंद.
मग ती हळूच म्हणाली, कोण गेलं?

नाही रे, नाही ठेवलं.
टेपचा दुष्काळ होता, त्यावरच
बिस्किटांची जाहिरात भरली पुढल्या आठवड्यात.
असं मीच किती काय पुसलंय,
हिशेब मागू नकोस.

नंतर अक्रात स्टुडिओ झाले, काचेचे, गार हवेचे.
बोलावलं मला. गेलो, बसलो.
इतकं स्वच्छ होतं सगळं
की मला माझंच पोट ऐकू यायला लागलं.
एक वर्ष काढलं कसंबसं.

चल, हात धू, भिंत दाखवतो.
पलीकडे आता प्रार्थनाघर आहे.
त्यांच्या ॲम्प्लिफायरला गुणगुण येते,
पास्टर दर रविवारी म्हणतो, कोबिना, काढ की ती.
मी झाकण उघडतो, आत बघतो,
स्क्रू परत घट्ट करतो, म्हणतो,
बघू पुढच्या रविवारी.